एकाच बाटलीतले दोन आकडे: इथिनिल एस्ट्राडायोल आणि सीवायपी२बी६

बाटली एक, एन्झाइम एक, आणि दोन चाचण्यांची दोन उत्तरं. पहिल्या चाचणीत गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन, इथिनिल एस्ट्राडायोल, ५ मायक्रोमोलर टाकूनही यकृतातल्या सीवायपी२बी६ या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचं काम ८५ ते ९० टक्के चालू राहिलं. दुसऱ्या चाचणीत त्याच ५ मायक्रोमोलरला अर्ध्याहूनही कमी, म्हणजे ४६ टक्केच काम उरलं. दोन्ही चाचण्यांत हात कुणाचाही चुकलेला नाही. मग अहवालात कोणता आकडा द्यायचा, हा या प्रकरणातला प्रश्न.

हे प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. एन्झाइम मरण्याच्या वेगाचे स्थिरांक मात्र प्रसिद्ध संशोधनातले आहेत आणि दुसऱ्या चाचणीचे आकडे त्यांच्यावरून गणित करून काढले आहेत.

फरक कुठून आला ते आधी सांगतो. पहिल्या चाचणीत ईई (इथिनिल एस्ट्राडायोलला पुढे हेच म्हणू), एन्झाइम आणि ज्याचं रूपांतर मोजायचं ते ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध, तिन्ही एकदम मिसळले आणि दहा मिनिटांत काम थांबवलं. दुसऱ्या चाचणीत ब्युप्रोपिऑन यायच्या आधी ईई आणि एन्झाइम ३० मिनिटं ३७ अंश सेल्सिअसला एकत्र होते, आणि सोबत एनएडीपीएचही होतं. म्हणजे एन्झाइमला ईईवर काम करायला वेळही मिळाला आणि इंधनही. त्या अर्ध्या तासात एन्झाइमने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

रेणूत काय आहे

ईई १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स इनहॉफेन आणि वॉल्टर होलवेग यांनी तयार केलं. शरीरातल्या एस्ट्राडायोलच्या १७ क्रमांकाच्या कार्बनवर एक इथाइनिल गट, म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन, बसवला की ईई तयार होतं. नैसर्गिक एस्ट्राडायोल तोंडावाटे घेतलं की आतडं आणि यकृत त्याचा लगेच निकाल लावतात. इथाइनिल गटामुळे १७ क्रमांकाची ती जागा झाकली जाते आणि गोळी टिकते. गोळी टिकवणारा हाच गट एन्झाइमला मारतो.

सीवायपी कुटुंबातल्या प्रत्येक एन्झाइमच्या पोटात हीम असतं आणि हीमच्या मधोमध लोह. लोहावर ऑक्सिजन बसतो आणि समोर येईल त्या रेणूला चिकटवला जातो. ईईच्या बाबतीत बहुतेक वेळा तो ऑक्सिजन कड्याच्या २ क्रमांकाच्या कार्बनवर जातो. त्यातून २-हायड्रॉक्सी ईई तयार होतं, बाहेर पडतं, एन्झाइमला काही होत नाही. क्वचित तो इथाइनिल गटावर जातो, आणि तिथे दोन वाटा फुटतात. टोकाच्या कार्बनवर गेला तर हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि कीटीन तयार होतं. हे कीटीन अतिशय अधाशी असतं. पाणी भेटलं तर त्याचं आम्ल होतं. पाण्याआधी एन्झाइमच्या प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल भेटलं तर ते त्यालाच कायमचं चिकटतं. ऑक्सिजन आतल्या कार्बनवर गेला तर हीमच्या नायट्रोजनवर अख्खा रेणू बसतो आणि हीम बाद होतं.

मानवी यकृतातल्या सीवायपीचा ईईवर होणारा परिणाम एफ. पीटर ग्वेंगरिच यांनी १९८८ मध्ये मांडला. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या पॉल हॉलेनबर्ग यांच्या गटाने एकेका एन्झाइममध्ये नेमकं काय मोडतं ते शोधलं. सीवायपी३ए४ या त्याच कुटुंबातल्या एन्झाइममध्ये हीमही नष्ट होतं आणि प्रथिनावरही ईईचा अंश चिकटतो. सीवायपी२बी६मध्ये तो अंश ३६० क्रमांकाच्या सेरीनवर सापडला. ईईचं रेणुभारमान २९६, त्यात ऑक्सिजनचे १६ मिळवले की ३१२. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, प्रथिनाचा तुकडा ३१२ने जड दिसला की कीटीनच चिकटलं असं समजायचं.

थोपवणारा रेणू जागा अडवून बसतो. धुवून टाकला की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. मारणाऱ्या रेणूला कितीही धुतलं तरी काही उपयोग नाही. शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं. पहिली चाचणी फक्त थोपवणं मोजते. म्हणून तिचा आकडा खोटा नाही, पण ईई एन्झाइमला कायमचं मारतं का, या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

दुसरी चाचणी, थेंबाथेंबाने

ईई पाण्यात फारच कमी विरघळतं, लिटरला जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ३५ मायक्रोमोलर. त्यामुळे मुख्य द्रावण ॲसिटोनायट्राइलमध्ये करायचं. १० मिलिमोलरसाठी १ मिलिलिटरला २.९६ मिलिग्रॅम. त्यातून २ मिलिमोलरपासून ०.०५ मिलिमोलरपर्यंतची पायऱ्यापायऱ्यांची द्रावणं काचेच्या कुप्यांत करायची. प्लास्टिकच्या भिंतीला ईई चिकटतं आणि कमी तीव्रतेच्या कुपीत लिहिलंय त्यापेक्षा कमीच उरतं. डीएमएसओ टाळलेलं बरं, ते स्वतःच काही सीवायपी दडपतं.

यकृताचे मायक्रोसोम, म्हणजे पेशींतल्या पडद्यांचे एन्झाइम असलेले बारीक तुकडे, उणे ८० अंशांवरून काढून बर्फावर वितळवायचे. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवून दुसऱ्या दिवशी वापरू नये. २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या साठ्यातले १० मायक्रोलिटर, त्यात १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट (पीएच ७.४, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडसह) १६९ मायक्रोलिटर, आणि ईईचं द्रावण १ मायक्रोलिटर. हे मिश्रण ३७ अंशांवर पाच मिनिटं गरम करायचं आणि मग १० मिलिमोलर एनएडीपीएचचे २० मायक्रोलिटर टाकून घड्याळ सुरू करायचं. एकूण २०० मायक्रोलिटर: प्रथिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, एनएडीपीएच १ मिलिमोलर, सेंद्रिय द्रावक ०.५ टक्का. एनएडीपीएच त्याच दिवशी विरघळवलेलं आणि बर्फावर ठेवलेलं हवं.

०, ५, १०, १५, २० आणि ३० मिनिटांना या नळीतले १० मायक्रोलिटर काढून दुसऱ्या, आधीच गरम केलेल्या १९० मायक्रोलिटरमध्ये सोडायचे. तिथे ब्युप्रोपिऑन मिश्रणानंतर ५०० मायक्रोमोलर होईल इतकं आणि ताजं एनएडीपीएच १ मिलिमोलर असतं. बहुतेक एन्झाइम ब्युप्रोपिऑनने व्यापलेलं राहतं, त्यामुळे सोबत आलेल्या थोड्याशा ईईला पुढे मारायला फारसा वाव मिळत नाही. दहा मिनिटांनी अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घातलेला रेणू) घातलेलं बर्फगार ॲसिटोनायट्राइल १०० मायक्रोलिटर ओतून काम थांबवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरच्या द्रवातलं हायड्रॉक्सीब्युप्रोपिऑन (२बी६ ब्युप्रोपिऑनचं हेच बनवतं) मास स्पेक्ट्रोमीटरवर २५६ वरून २३८च्या वजनांच्या जोडीवर मोजायचं.

वीस पट पातळ करण्यामागे कारण आहे. ५ मायक्रोमोलरचे दुसऱ्या नळीत ०.२५ मायक्रोमोलर होतात आणि तिथे थोपवण्याचा भाग जवळजवळ संपतो. दोनच पट पातळ केलं तर २.५ मायक्रोमोलर ईई मोजणीच्या वेळीही हजर असतं आणि थोपवणं व मारणं यांची भेसळ होते. ही भेसळ ओळखायची खूण शून्य मिनिटाच्या बिंदूत असते. ईई वाढवलं की शून्य मिनिटाचं कामही खाली जात असेल, तर पातळ करणं कमी पडलंय. शून्य मिनिटाचा नमुना एनएडीपीएच टाकल्यावर दहा-पंधरा सेकंदांत काढला नाही तरी तोच घोळ होतो.

५ मायक्रोमोलरच्या नळीत शिल्लक काम असं दिसायला हवं: पाच मिनिटांना ८८ टक्के, दहाला ७७, पंधराला ६८, विसाला ६० आणि तिसाला ४६. या टक्केवारीचा नैसर्गिक लॉग वेळेपुढे मांडला की सरळ रेघ येते आणि तिचा उतार ०.०२६ प्रति मिनिट निघतो. प्रत्येक तीव्रतेचा असा उतार काढून तो तीव्रतेपुढे मांडला की वर जाऊन सपाट होणारी वक्ररेषा मिळते. वक्ररेषा जिथे सपाट होते तो मरण्याचा कमाल वेग, के-इनॅक्ट. त्याच्या निम्म्या वेगाला लागणारी तीव्रता म्हणजे के-आय. शुद्ध एन्झाइमवरच्या कामात सीवायपी२बी६साठी के-आय ०.८ मायक्रोमोलर आणि के-इनॅक्ट ०.०३ प्रति मिनिटच्या आसपास मिळालं. सीवायपी३ए४साठी तेच १८ मायक्रोमोलर आणि ०.०४. कमाल वेग दोन्हींचा जवळपास सारखा, पण २बी६ला तिथवर न्यायला वीसपट कमी ईई पुरतं. या प्रकरणात २बी६ निवडण्याचं कारण हेच.

सोबतच्या नळ्या

मुख्य नळीशेजारी किमान चार नळ्या हव्यातच. त्यांतली एक जरी गाळली तरी निष्कर्षाला आधार उरत नाही. पहिलीत ईई आहे पण एनएडीपीएच नाही. हिच्यात तीस मिनिटांनीही काम टिकलं, तर मारायला एन्झाइमचं स्वतःचं काम लागतं हे सिद्ध होतं. दुसरीत एनएडीपीएच आणि द्रावक आहे, ईई नाही. मायक्रोसोम एनएडीपीएचसोबत नुसते गरम राहिले तरी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन थोडे मरतातच. ही घट वजा न करता ईईच्या नावावर टाकली की के-इनॅक्ट फुगतं. तिसरीत नैसर्गिक एस्ट्राडायोल, म्हणजे इथाइनिल गट सोडून बाकी सांगाडा तोच. हिची रेघ सपाट राहायला हवी. चौथीत टिक्लोपिडिन, जे २बी६ला मारतं हे पक्कं ठाऊक आहे. ते मारताना दिसलं नाही, तर त्या दिवसाची सगळी चाचणी फेकून द्यायची.

१० मिलिमोलर ग्लुटाथायोन टाकलेली एक जादा नळी ठेवली तर आणखी एक उत्तर मिळतं. बाहेर भटकणारं अधाशी रसायन ग्लुटाथायोन टिपून घेतं. तरीही एन्झाइम मरत असेल, तर घाव आतल्या आत, कीटीन बाहेर पडायच्या आधीच बसतोय.

शेवटचा पुरावा डायलिसिसचा. तीस मिनिटांचं मिश्रण १० किलोडाल्टनच्या पडद्यात भरून, २० टक्के ग्लिसरॉल असलेल्या ५०० मिलिलिटर बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवायचं, मध्ये एकदा बफर बदलायचा. ईई न टाकलेली नळीही शेजारी डायलिसिसला लावायची, कारण रात्रभरात तिचंही थोडं काम जातं आणि तुलना तिच्याशीच करायची. थोपवलेलं एन्झाइम सकाळी परत येतं, मेलेलं येत नाही.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसवते ती वरची तीव्रता. कुणीतरी ५० आणि १०० मायक्रोमोलरच्याही नळ्या लावतो. ईई तिथे विरघळतच नाही, बारीक कणांच्या रूपात तळाशी बसतं. उतार वाढायचा थांबतो आणि वक्ररेषा सपाट झाली असं वाटतं. प्रत्यक्षात एन्झाइमची मर्यादा आलेली नसते, पाण्याची आलेली असते. २बी६साठी १० मायक्रोमोलरच्या पुढे जायची गरजही नाही; के-आयच्या बारापट तीव्रता तिथेच झालेली असते.

दुसरी फसगत उलट्या टोकाला होते. ईई तेलकट रेणू आहे, मायक्रोसोमच्या पडद्यातच बराचसा मुरतो. १ मिलिग्रॅम प्रथिनासोबत कुपीवर ०.२५ मायक्रोमोलर लिहिलं असलं तरी एन्झाइमसमोर मोकळं त्याहून बरंच कमी असतं आणि के-आय खऱ्यापेक्षा मोठं निघतं. त्यावर दोन उपाय आहेत: मुक्त अंश वेगळा मोजून दुरुस्ती करणं, किंवा प्रथिन ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमवर आणणं. दुसरा उपाय जास्त भरवशाचा. संकेत लहान होतो, पण आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरला तेवढा पुरतो.

त्यातच भर म्हणजे मायक्रोसोममध्ये २बी६ एकटं नसतं. ३ए४ आणि २सी९ शेजारी बसून ईई खात असतात. कमी तीव्रतेच्या नळीत पंधरा मिनिटांनंतर मारायलाच ईई उरत नाही आणि रेघ आडवी पडू लागते. अशा वेळी सुरुवातीचे तीन-चार बिंदूच घ्यायचे, पूर्ण तीस मिनिटांवर रेघ ओढायची नाही. ईईचा वापर किती होतो याचाही हिशेब आहे: ३ए४चा एक रेणू मरायला साधारण ५० ईई रेणूंचं रूपांतर व्हावं लागतं. पन्नासेक सुखरूप बाहेर पडतात, त्यापुढचा एक गळ्यात अडकतो. या आकड्याला विभाजन गुणोत्तर म्हणतात. तो जितका लहान, तितका रेणू मारण्यात तरबेज. शक्य असेल तर तीच चाचणी एकट्या पुनर्संयोजित (जनुक घालून प्रयोगशाळेत बनवलेल्या) २बी६वरही करावी. तिथली रेघ जास्त स्वच्छ येते.

नळीतून माणसात

अहवालात दुसरा आकडा जाईल: ईई सीवायपी२बी६ला वेळेनुसार, एनएडीपीएचच्या मदतीने, परत न येण्याजोगं निकामी करतं. पण वाचणारा डॉक्टर किंवा औषधनिर्माता पुढचा प्रश्न विचारणारच, की गोळी घेणाऱ्या व्यक्तीत हे घडतं का. आणि इथे घाईने उडी मारणं धोक्याचं आहे.

१९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोविड या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल होतं, जे शरीरात ईई बनतं. आजच्या गोळ्यांत सहसा २० ते ३५ मायक्रोग्रॅम ईई असतं. ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीनंतर रक्तातली कमाल पातळी मिलिलिटरला साधारण १०० पिकोग्रॅम, म्हणजे ०.३ नॅनोमोलर. नळीत मोजणी मायक्रोमोलरमध्ये होती. ३ए४चं के-आय या पातळीच्या साठ हजार पट आहे, २बी६चं अडीच हजार पटीहून जास्त. शिवाय रक्तातलं ९८ टक्के ईई अल्ब्युमिनला बांधलेलं असतं.

नियामकांचं सूत्र असं आहे: मरण्याचा वेग अधिक एन्झाइमच्या नैसर्गिक झिजेचा वेग, भागिले झिजेचा वेग. उत्तर १.२५ किंवा त्याहून जास्त आलं तर पुढचा अभ्यास लागतो. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, एफडीएच्या, २०२० च्या मार्गदर्शिकेत मुक्त पातळीच्या ५० पट धरायची होती. २ टक्के गुणिले ५० म्हणजे पुन्हा तेच ०.३ नॅनोमोलर. २बी६चं अर्धायुष्य ३२ तास धरलं तर झीज मिनिटाला ०.०००३६, ईईमुळे मरणं मिनिटाला ०.००००११, आणि उत्तर १.०३. ३ए४साठी ते १.००२ येतं. औषध नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, आयसीएचच्या, २०२४ च्या एम१२ मार्गदर्शिकेत ५० च्या जागी ५ आहेत, म्हणजे आकडा आणखी खाली.

३ए४च्या बाबतीत माणसांतले अभ्यास या गणिताशी जुळतात. मिडॅझोलम हे ३ए४ मोजायचं औषध, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी त्याची पातळी जवळजवळ हलत नाही किंवा किरकोळ वाढते. नळीत ३ए४ मेलेलं पाहून ‘गोळी घेणाऱ्यांत ३ए४ची सगळी औषधं जपून द्या’ असा सल्ला देणं म्हणूनच चूक आहे.

२बी६च्या बाबतीत मात्र गणित आणि माणूस यांचं जुळत नाही. ईई असलेल्या गोळीबरोबर ब्युप्रोपिऑनचं हायड्रॉक्सीब्युप्रोपिऑनमध्ये होणारं रूपांतर सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटतं. सेलेजिलीन या पार्किन्सनवरच्या औषधाच्या विघटनात २बी६चा मोठा वाटा आहे, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याची रक्तातली एकूण मात्रा १० ते २० पट वाढलेली आढळली. रक्तातल्या पातळीवर बेतलेलं सूत्र इतका फरक दाखवत नाही. यकृताला गोळीचा पहिला लोट पोर्टल शिरेतून, हातावरच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कितीतरी घट्ट मिळतो. गोळीत प्रोजेस्टिन हे दुसरं संप्रेरकही असतं, ते या गणितात धरलेलं नाही. सेलेजिलीनचं तर पहिल्याच फेरीत इतकं विघटन होतं की तोंडावाटे घेतलेल्यापैकी दहा टक्क्यांच्या आसपासच रक्तात पोचतं. तिथे अडवणूक थोडी सैल झाली तरी पातळी कित्येक पट चढते. अशा औषधासाठी १.०३ वर विसंबून ‘काळजीचं कारण नाही’ लिहू नये. सरळ माणसांतला आकडा द्यावा.

गोळीचे सगळेच परिणाम या मारण्याच्या खात्यात टाकायची सवयही सोडायला हवी. गोळीबरोबर टिझॅनिडिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची एकूण मात्रा जवळपास चौपट होते, रक्तदाब घसरतो, ग्लानी येते. ते सीवायपी१ए२चं काम मंदावल्याने. कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं तेही त्यामुळेच. लॅमोट्रिजिन या फिट्सवरच्या औषधात तर उलटं होतं: ईईमुळे ग्लुकुरोनाइड जोडणारं एन्झाइम वेगवान होतं आणि औषधाची पातळी निम्म्यावर येते, फिट येऊ शकते. नळीतला आपला निष्कर्ष फक्त २बी६चा आहे आणि अहवालात तो तेवढाच लिहायचा.

परत यायला किती दिवस

मेलेलं एन्झाइम नव्याने तयार व्हावं लागतं, म्हणून गोळी बंद केल्यावर २बी६ लगेच सावरत नाही. काम ३० टक्के घटलेलं असेल आणि अर्धायुष्य ३२ तासांचं धरलं, तर ईई शरीरातून गेल्यावर ३२ तासांनी घट १५ टक्के, ६४ तासांनी साडेसात आणि चार दिवसांनी चारच्या आत. ईई स्वतः जायला त्याआधी एक-दोन दिवस लागतात. २१ दिवस गोळी आणि सात दिवस खंड अशा पाकिटात खंडाच्या सहाव्या दिवशी रक्त घेतलं तर २बी६ जवळजवळ निरोगी दिसेल, आणि पाकिटाच्या विसाव्या दिवशी घेतलं तर दबलेलं. म्हणून ब्युप्रोपिऑन किंवा सेलेजिलीनची पातळी मागवताना नमुन्याच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: गोळीतलं ईई किती मायक्रोग्रॅम, पाकिटाचा कितवा दिवस, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली.